न मोजता लिहिलेली नाडी

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. चाकणजवळच्या एका कंपनीत स्टोअर्सला आहे. मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात नियमित असतो. मे महिन्यातल्या शिबिरात बायबलातल्या यिर्मया २९:११ या वचनावर संदेश झाला : देवाच्या मनात आपल्यासाठी हिताचे संकल्प आहेत, प्रत्येकाच्या जीवनाला त्याने उद्देश दिला आहे. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. आठवड्याचे सहा दिवस मी करतो काय, तर माल उतरवून घेणं, जीआरएन (माल मिळाल्याची पावती) काढणं, आणि महिनाअखेरीला साहेबांच्या सांगण्यावरून न मोजताच स्टॉक टॅली, म्हणजे कागदाशी जुळलेला, दाखवणं. यात देवाचा उद्देश कुठे आला? नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावं का? आई म्हणते, आधी लग्न कर. सिस्टरमावशी, तुम्ही चौतीस वर्षं वॉर्डात काढलीत, मंडळीतही जबाबदारीची कामं केलीत. तुम्ही हे कसं निभावलं?

उत्तर :

तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. पहिल्या दोन वेळी 'उद्देश' आणि 'सेवा' हे शब्दच डोळ्यांत भरले. तिसऱ्यांदा मात्र मधल्या एका ओळीवर अडखळले : महिनाअखेरीला न मोजता स्टॉक टॅली दाखवणं. ती ओळ तू जाता जाता लिहून गेलास. माझ्या मते तुझ्या साऱ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. तसं करायला माझ्याकडे कारण आहे. ते सांगायला मला आजही जड जातं.

१९८६ साल. मी स्टाफ नर्स होऊन तीन वर्षं झाली होती. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, बत्तीस खाटा, रात्रपाळीला मी एकटी आणि मदतीला एक मावशी. त्या दिवशी दुपारी पोटाचं ऑपरेशन झालेला एक शेतकरी होता, चाळिशीतला. ऑर्डर होती, दर तासाला नाडी आणि बीपी. बारा वाजता घेतलं, एक वाजता घेतलं. दोनच्या सुमाराला वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाच्या एका म्हाताऱ्या बाबांनी सलाइन उपसून काढलं, चादर रक्ताने भरली. ते सगळं आवरून टेबलापाशी आले तेव्हा सव्वादोन होऊन गेले होते. पायांचे गोळे दुखत होते. समोर चार्ट उघडा होता. एकच्या रकान्यात नाडी ८४, बीपी १२०/८०. मी बसल्या जागेवरून दोनच्या रकान्यात लिहिलं : ८६, १२०/८०.

तोच आकडा पुन्हा लिहिला तर डोळ्यावर येतो, म्हणून ८४ चे ८६ केले. मला आजही सलतं ते हेच. थकलेल्या माणसाच्या हातून एखादं काम राहून जातं, ते मी समजू शकते. ८४ चे ८६ करायला मात्र डोकं चालवावं लागतं, आणि ते मी चालवलं होतं.

तीन वाजता त्या शेतकऱ्याकडे गेले तेव्हा त्याच्या कपाळावर गार घाम होता. नाडी बोटाला जेमतेम लागत होती, १३० च्या वर. बीपी ८० च्याही खाली. पोटात रक्तस्राव होत होता. धावत जाऊन डॉक्टरांना कॉल दिला, सर्जन आले, पेशंटला पुन्हा थिएटरमध्ये घेतलं. देवाच्या कृपेने तो वाचला. पहाटे सर्जन चार्टवरून नजर फिरवत म्हणाले, "दोनपर्यंत तर नॉर्मल होता. एकाएकी सुटलेलं दिसतंय." मी गप्प राहिले. सातला हँडओव्हर दिला, होस्टेलवर गेले, डोक्यावरून आंघोळ केली आणि केस ओले असतानाच परत येऊन मेट्रनना, म्हणजे आमच्या मुख्य परिचारिकेला, सगळं सांगितलं. नंतर सर्जनना सांगितलं.

मेमो मिळाला. सहा महिने रात्रपाळी एकटीकडे दिली नाही. सर्जन रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सिस्टर, तुमच्या आकड्यांवर विसंबून मी पेशंटच्या पोटाला हात लावतो." त्या शेतकऱ्याला मात्र मी कधीच सांगितलं नाही. टाके काढून घरी निघाला तेव्हा तो माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला अडवलं, पण तोंडातून शब्द निघाला नाही. ते राहूनच गेलं.

आणि त्या रात्री ड्यूटीवर येण्याआधी होस्टेलच्या प्रार्थनेत मी दहा मिनिटं बोलले होते, देवाच्या विश्वासूपणाविषयी.

नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला तिच्यात 'पिस्तिस' असा शब्द आहे. आपण देवावर ठेवतो त्या विश्वासालाही पिस्तिस, आणि माणसाच्या विश्वासूपणालाही पिस्तिस. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचं फळ सांगितलं आहे, तिथे मराठीत आपण 'विश्वासूपणा' वाचतो, तो हाच. आपल्या भाषेतही दोन्ही एकाच मुळाचे. तरी त्या दिवसापर्यंत विश्वास म्हणजे मी देवावर टाकायचा भार, एवढंच मला ठाऊक होतं. दुसऱ्याला आपला भार माझ्यावर टाकता येतो का, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. झोपलेला पेशंट, घरी झोपलेला सर्जन, तो दोनचा रकाना वाचणारा कोणीही. त्या सगळ्यांचा भार माझ्यावर होता. तुझ्या स्टॉकच्या आकड्यावरही कोणीतरी विसंबून आहे. परचेसवाला आहे, लाइनवरचा सुपरवायझर आहे, ज्याची शिफ्ट माल नाही म्हणून वाया जाते तो कंत्राटी कामगार आहे. त्यांतला एकही जण तुझ्या मंडळीत येत नसेल. पण तू विश्वासू आहेस की नाही, हे त्यांना रोज कळत असतं.

आता तुझं वचन. यिर्मया २९:११ मलाही प्रिय आहे. नाताळच्या कार्डांवर, मंडळीच्या कॅलेंडरवर, तरुणांच्या टी-शर्टवर ते मी पाहते. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे, आणि पत्र पहिल्या ओळीपासून वाचायचं असतं. इसवी सनापूर्वी ५९७ च्या सुमाराला बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमचा राजा, दरबारी, कारागीर, लोहार यांना पाडाव करून बाबेलला नेलं. तिथे परक्या मुलखात बसलेल्यांना यिर्मया संदेष्ट्याने हे पत्र पाठवलं. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. ऐकायला किती गोड! बाबेलात बसलेल्या माणसाने मग बोचकं न सोडताच दोन वर्षं काढली असती. यिर्मया काय लिहितो? घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलाबाळांची लग्नं करून द्या. (तुझ्या आईचं म्हणणंही पत्रात आहे बघ.) ज्या शहरात तुम्हांला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. मग दहाव्या वचनात येतात सत्तर वर्षं. आणि त्यानंतर अकरावं वचन.

सत्तर वर्षं म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण बाबेलातच मातीआड होणार होते. त्यांच्यासाठी देवाचे हिताचे संकल्प कोणते? त्यांनी लावलेली बाग, बांधलेलं घर, आणि ज्यांनी आपल्याला हुसकून आणलं त्यांच्याच शहराच्या भल्यासाठी केलेली प्रार्थना. संकल्प देवाचा आहे, तो त्याच्याजवळ आहे. पत्र वाचणाऱ्याच्या हातात कुदळ दिली आहे. शिबिरात अकरावं वचन सांगितलं गेलं ते चांगलंच झालं, पण पाचव्यापासून सांगितलं असतं तर तुझी झोप उडाली नसती. तुझं बाबेल म्हणजे चाकण एमआयडीसी. तिथल्या स्टोअर्सचं हित पाहणं हे तुला आज दिलेलं काम आहे. याहून वेगळं काही उद्या मिळालं तर उद्या पाहू.

"पण हे काम तर कोणीही करील," असं तुझ्या मनात येईल. माझ्याही येत असे. विद्यार्थिदशेत मला मिशनरी डॉक्टरांच्या गोष्टी वाचून वाटायचं, आपल्या हातूनही असं काही व्हावं की जे लिहून ठेवलं जाईल. पुढे एकदा केडगावला मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या निराधार बायकांच्या आश्रमात, गेले. रमाबाईंनी तिथे बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. तरी काम पुरं झालं होतं. हे सगळ्यांना माहीत आहे. मी तिथून परतले ते मनात दुसरंच घेऊन. तो मजकूर छापला मुक्तीच्याच छापखान्यात, आणि तिथे राबल्या त्या मुक्तीत आसरा घेतलेल्या बायका आणि मुली. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं. उलटी अक्षरं सुलटी वाचत, एकेक काना, एकेक वेलांटी खाचेत बसवायची. ओळ झाली की दुसरी ओळ. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत. दुष्काळाने, वैधव्याने घराबाहेर काढलेल्या त्या बायका, त्यांची नावं मला सांगता येणार नाहीत. पण एखादीने कंटाळून एक ओळ न तपासता सोडली असती, तर वाचणाऱ्याच्या हातात चुकीचं वचन गेलं असतं. रमाबाईंचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, मोठं होतं हे खरंच, पण ते त्या खिळे जुळवणाऱ्या बोटांवर उभं होतं.

जामखेडलाही तेच पाहिलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तिथे गावोगावच्या आरोग्याचं काम सुरू केलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्या कामाचा कणा होत्या गावोगावच्या आरोग्यसेविका. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती, कितीतरी दलित होत्या. बाळाचं वजन करणं, गरोदर बाईची विचारपूस, हगवण लागलेल्या लेकराला साखर-मीठ-पाणी देणं. आज केलं, उद्या केलं, परवा केलं. नर्स म्हणून सांगते, मुलं वाचतात ती अशाने. थिएटरमधला दिवा सगळ्यांना दिसतो. पण ज्या बाळाला हगवणीत वेळेवर पाणी मिळालं त्याची कुठेच बातमी होत नाही, कारण त्याला काही झालंच नाही.

आपल्या प्रभूचंच बघ. लूक सांगतो की त्याने सेवेला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. मार्कात गावकरी त्याला 'सुतार' म्हणूनच ओळखतात. त्या वर्षांबद्दल शुभवर्तमानं (येशूच्या चरित्राची पुस्तकं) जवळजवळ काहीच बोलत नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी स्वर्गातून वाणी झाली की हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे, तेव्हा अजून एकही चमत्कार झालेला नव्हता, एकही प्रवचन नव्हतं. पिता संतुष्ट होता तो कशावर, याचा मी खूप विचार केला आहे. मी तरी असं मानते की त्यात रंधा मारलेली लाकडंही आली.

आता स्टॉकचं. इथे मी जरा बारकाईने सांगते.

वॉर्डात पेथिडिन, मॉर्फिन ही सवय लावणारी वेदनाशामकं कुलपात असायची आणि त्याचं वेगळं रजिस्टर. प्रत्येक पाळी बदलताना येणारी आणि जाणारी, दोघींनी मिळून अँप्यूल मोजायचे आणि दोघींनी सह्या करायच्या. कितीही घाई असली तरी. एकमेकींवर अविश्वास म्हणून ही पद्धत नव्हती. एकटीला मोह पडतो, थकवा येतो, हे ज्याने ती घालून दिली त्याला ठाऊक होतं. तुझ्याकडे अशी दुसरी सही आहे का? नसेल तर माग. "साहेब, मोजताना अजून एक माणूस द्या" ही मागणी कोणाला टोचत नाही.

दुसरं. त्या रात्रीनंतर मी स्वतःला एक नियम घातला. दोनची नाडी सव्वादोनला घेतली तर वेळ २.१५ लिहायची. घेता आलीच नाही तर रकाना रिकामा ठेवायचा आणि बाजूला कारण लिहायचं. रिकाम्या रकान्यावरून बोलणी खावी लागतात. पुष्कळदा खाल्ली. पण रिकामा रकाना पुढच्या पाळीला सावध करतो. खोटा भरलेला रकाना तिला झोपवतो. सगळं स्टोअर एका दिवसात मोजून होणार नाही हे मी जाणते. मग रोज सुट्टी व्हायच्या आधी एकच रॅक मोज, महागड्या आणि लवकर संपणाऱ्या मालापासून सुरुवात कर. महिनाअखेरीला जे मोजलं ते मोजलं म्हणून दाखव, जे राहिलं त्यापुढे 'मोजणी बाकी' लिही.

साहेबांशी बोलायचं ते एकट्यात, केबिनमध्ये, आणि आधी स्वतःचं सांगून. "साहेब, गेले इतके महिने मीही न मोजता लिहिलं. मला ते पुढे करायचं नाही. रोज एक रॅक मोजायची माझी तयारी आहे." वचनांचे दाखले देऊ नकोस. त्यांना पापी ठरवायला तू गेलेला नाहीस. कदाचित त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं असेल. ते ऐकतील, अशी शक्यता तुला वाटते त्याहून जास्त आहे. महिनाअखेरीची भीती त्यांनाही असते.

आणि नाही ऐकलं तर? तर किंमत पडेल. बढती अडकेल, कदाचित नोकरीही जाईल. मी तुला खोटा दिलासा देणार नाही. म्हणून बोलायच्या आधी घरी सांगून ठेव, तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला टाक, तुमच्या पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) विश्वासात घे. मंडळी नुसती गाणी म्हणायला नसते. एखाद्याला खरं बोलल्यामुळे घरी बसावं लागलं तर त्याच्या घरचं रेशन भरणं हेही तिचं काम आहे. एक गोष्ट आवर्जून सांगते. माझ्याबरोबर एक विधवा बाई होती, दोन लहान मुलं, हाताशी काही नाही. तिने अशाच एका प्रसंगी तोंड उघडलं नाही. मी तिला कमी विश्वासू म्हणणार नाही. तिच्या जागी मी नव्हते. तुझ्यावर आज तेवढं ओझं नाही, म्हणून तुला सांगते आहे.

'जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा', हा कलस्सैकरांस पत्रातला उपदेश तू शंभर वेळा ऐकला असशील. तो कोणाला केला आहे ते वरच्याच वचनात आहे : दासांना. पगार नाही, रजा नाही, राजीनामा देता येत नाही, अशा माणसांना. त्यांना पौल म्हणतो, तुमचा खरा धनी वर आहे. मालकाने काहीही मानलं तरी त्यांचं काम फुकट जात नव्हतं. पण हेच वचन वापरून जादा काम करून घेणारे वरिष्ठही मी पाहिले आहेत, आणि ते मला सहन होत नाही. चौथ्या अध्यायाचं पहिलंच वचन धन्यांना आहे : दासांशी न्यायाने आणि समतेने वागा. लेवीय १९ मध्ये सांगितलं आहे, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको. याकोब तर म्हणतो, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. तुमच्या घरी धुण्याभांड्याला बाई येत असेल तर तिचे पैसे एक तारखेला मिळतात की नाही, हे आईला विचार. माझ्या घरी एकदा आठ दिवस उशीर झाला होता, आणि त्या आठवड्यात मी महिला मंडळात याकोबाचं पत्र शिकवत होते. ती बाई काही बोलली नाही. तिच्या मुलीची फी राहिली होती, हे मला शेजारणीकडून कळलं.

पूर्णवेळ सेवेबद्दल. मी नको म्हणत नाही. माझा सख्खा भाऊ पाळक होता. त्याचे कष्ट मी जवळून पाहिले. पण कंटाळलेल्या नोकरीतून निघालेली वाट आणि पाचारण, यांत फरक करायला शीक. मी तरुणांना विचारते : जे काम पूर्णवेळ करायचं म्हणतोस, ते आज बिनपगारी करतोस का? आजाऱ्याला भेटायला जातोस का? संडे स्कूलची ती दंगेखोर पोरं वर्षभर सांभाळलीस का? तुझ्या मंडळीतल्या जुन्या, शहाण्या माणसांनी आपणहून तुला कधी म्हटलं का, की पोरा, देवाने तुला यासाठी दिलेलं दिसतं? आणि स्टोअर्समध्ये न मोजता लिहिणारा हात उद्या मंडळीच्या हजेरीचा आकडा, दानपेटीचा हिशेब मोजून लिहील, असं कशावरून? हे तुला दुखवायला नाही विचारत. थोडक्यात विश्वासू तो पुष्कळात विश्वासू, हे प्रभूचं म्हणणं पैशाच्या आणि कारभाऱ्याच्या संदर्भातच आलं आहे, लूकाच्या सोळाव्या अध्यायात. पौल स्वतः करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लेच्या घरी राहून तंबू शिवत होता आणि दर शब्बाथ दिवशी, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात वाद घालत होता. त्याच्या सुईला कोणी अर्धवेळ म्हटलं नाही.

साक्षीविषयी, म्हणजे आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगण्याविषयी, तू विचारलं नाहीस, तरी कामाच्या जागेचा विषय निघाला आहे म्हणून बोलते. पेशंट खाटेवर असतो तेव्हा तो आपल्या हातात असतो. त्याला पाणी आपण देणार, भांडं आपण देणार. अशा माणसाच्या उशाशी पत्रक ठेवणं मला कधीच योग्य वाटलं नाही. तो नको म्हणू शकत नाही. मी पाठ पुसून दिली, चादर ताणून घातली, त्याच्या देवाचा फोटो उशाशी होता तो पडला तर उचलून सरळ ठेवला. कोणी विचारलं, "सिस्टर, तुम्ही चिडत कशा नाही?" तर सांगितलं, येशूचं नाव घेऊन सांगितलं, दोन वाक्यांत. प्रभूचा शिष्य पेत्र तेच लिहितो : विचारणाऱ्याला उत्तर द्या, सौम्यतेने आणि आदराने. तुझ्या हाताखालच्या पोरांशी असंच वाग. त्यांची हजेरी तुझ्या सहीने लागते, हे विसरू नकोस.

प्रार्थना मी हात धुताना करत असे. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवावेच लागतात. साबण लावताना मागच्याचं नाव, पाणी घेताना पुढच्याचं. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. सकाळची शांत वेळ मला क्वचितच मिळाली. पाळ्या, मुलगा, पाणी यायची वेळ. ज्यांना मिळते त्यांनी ती जपावी. मला नळ मिळाला.

सगळं जमवलं असं मात्र समजू नकोस. मुलगा सहावीत असताना त्याने निबंधात लिहिलं, 'माझी आई बहुतेक झोपलेली असते.' वॉर्ड, महिला मंडळ, नाताळच्या कॅरल राउंडची तयारी. मी सगळीकडे विश्वासू होते आणि घरी आले की भिंतीकडे तोंड करून झोपत होते. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या वर्षी मी मंडळीतली दोन कामं सोडली. लोक नाराज झाले. बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं भाजी आणायला जायला लागलो, एवढंच. देवाने शब्बाथ दिला तो मिसरातून सुटून आलेल्या, विटा पाडणाऱ्या लोकांना, हे मला फार उशिरा उमगलं. तुझं लग्न होईल तेव्हा हे लक्षात ठेव.

आणि चुकशील तेव्हा? पेत्राने प्रभूला नाकारलं ते कोळशांच्या विस्तवापाशी हात शेकत असताना. योहान आपल्या शुभवर्तमानात तसाच विस्तव आणखी एकदाच पेटलेला दाखवतो, एकविसाव्या अध्यायात, किनाऱ्यावर. प्रभूने स्वतः पेटवलेला, वर मासळी भाजत घातलेली. तो वास नाकात गेल्यावर पेत्राला काय आठवलं असेल! तिथे प्रभू त्याला तीनदा विचारतो आणि तीनदा कामच देतो : मेंढरं चार, पाळ. माझ्या मेट्रननी सहा महिन्यांनी मला परत रात्रपाळी दिली, त्याच वॉर्डात. किल्ल्यांचा जुडगा हातात ठेवताना त्या काही बोलल्या नाहीत. मी दोन वाजता सगळ्या खाटा फिरून आले.

तर या सोमवारी सुट्टीच्या आधी पहिला रॅक मोज. कागदावर किती आहेत आणि फळीवर किती निघाले, दोन्ही आकडे लिहून ठेव, आणि फरक कितीही लाजिरवाणा असला तरी मला कळव. साहेबांशी कोणत्या दिवशी बोलणार तेही आधी सांग. त्या दिवशी सकाळी मी तुमच्या दोघांसाठी प्रार्थना करीन. तुझं नाव माझ्याकडे आहे, त्यांचं तेवढं लिहून पाठव.